जोर-बैठकांची वही संगणकावर आणायची आहे, कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं?

लाल_माती

मंडळी, नमस्कार.

बरीच वर्षं वाचनमात्र आहे. धागा पहिलाच, सांभाळून घ्या.

वय ४६, मुक्काम कोल्हापूर. पहाटे साडेपाचला पेठेतल्या तालमीत जातो. कुस्ती आता नाही, गुडघ्याने ते दुकान कधीच बंद केलं. जोर, बैठका, सूर्यनमस्कार, आठवड्यातून दोनदा लोखंड आणि रविवारी सायकलवरून पन्हाळा नाहीतर जोतिबा.

गेली ११ वर्षं रोजचा व्यायाम वहीत लिहितोय. एक ओळ नमुन्यादाखल: "मंगळ. जो ६० (२०-२०-२०), बै १५०, सू १२. झोप कमी. डावा खांदा कुरकुर." अशा १४ वह्या माळ्यावर आहेत. दिवाळीत मुलीने सहज विचारलं, "बाबा, एवढं लिहिता, तर तुमच्या बैठका वाढल्या की कमी झाल्या?" मला सांगता आलं नाही. वह्या खाली काढल्या, तासभर चाळल्या, तरी नाहीच.

तर हे सगळं संगणकावर आणायचं आहे. अडचणी आधीच सांगतो. मोबाईल तालमीत चालत नाही. वस्तादांना आवडत नाही आणि मलाही नाही. घड्याळ, पट्टा काही वापरत नाही. लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅमचा. महिन्याच्या महिन्याला वर्गणी भरायची तयारी नाही; एकदाच पैसे द्यायचे असतील तर हरकत नाही. आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे, त्याचा इथे संबंध असेल तर असावा म्हणून लिहितोय.

कोणी वापरलंय का असं काही?

---

सह्यवेडा

स्ट्रावा, धावण्या-सायकलच्या नोंदींचं ॲप. विषय संपला.

---

लाल_माती

सह्यवेडा, धन्यवाद. उघडून बघितलं. सायकलचं ठीक आहे. पण जोर कुठे टाकायचे?

---

सह्यवेडा

"वर्कआउट" निवडा, वेळ टाका आणि खाली वर्णनात लिहा की ६० जोर, १५० बैठका.

---

लाल_माती

म्हणजे वर्णनात वाक्य लिहायचं. मग त्याची बेरीज कोण करणार? वहीत तेच करतोय की मी.

---

खवचट_काका

वही चांगली चालली आहे ना? मग कशाला सोडता? बॅटरी लागत नाही, अपडेट येत नाही, "आज तुम्ही आळशीपणा केलात" असा निरोप येत नाही. माझ्या मेहुण्याच्या मनगटावरचं यंत्र त्याला दर तासाला उभं राहायला सांगतं. तो उभा राहतो, फ्रीजपर्यंत जातो आणि परत येऊन बसतो. पावलं मोजली जातात.

---

दोनशेकिमी

काकांना दंडवत. पण मूळ प्रश्न बाजूला राहायला नको.

लाल_माती, तुमच्या सायकलपुरतं सांगतो. गोल्डनचीता नावाचं सॉफ्टवेअर आहे. मुक्तस्रोत, फुकट, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. खातं उघडायचं नाही, ईमेल द्यायचा नाही. सुरुवातीला फक्त नाव विचारतं, त्या नावाचा एक फोल्डर तुमच्याच डिस्कवर करतं आणि प्रत्येक राईड त्यात वेगळी जेसन फाईल म्हणून ठेवतं. नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते. उद्या हे सॉफ्टवेअर जगातून नाहीसं झालं तरी तुमचा घाम तुमच्याकडेच राहतो.

मी सात वर्षं वापरतोय. बीआरएम करतो, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ल्याची सायकल: २०० किमी साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस, ६०० चाळीस. त्यासाठी मला एकच आलेख लागतो. प्रत्येक दिवसाच्या कष्टाचा एक आकडा धरायचा. त्याची ४२ दिवसांची सरासरी म्हणजे कमाई आणि ७ दिवसांची सरासरी म्हणजे दमणूक. कमाईतून दमणूक वजा केली की उरतो तो ताजेपणा. मूळ विचार एरिक बॅनिस्टर यांचा, १९७०च्या दशकातला, म्हणजे मनगटावर यंत्रं येण्याच्या खूप आधीचा. (४२ आणि ७ हे काही वेदवाक्य नाही, बदलता येतात.)

मागच्या ३०० च्या दहा दिवस आधी हौसेने सलग दोन रविवार सिंहगड आणि मधल्या बुधवारी बोपदेव घाट मारला. आलेख खाली, खाली, पार तळाला. मी म्हटलं, आलेखाला काय कळतं. २१० किलोमीटरनंतर एका ढाब्याच्या बाजेवर आडवा झालो तेव्हा त्याला काय कळतं ते मला कळलं. १९ तास ४० मिनिटांत पूर्ण केली. उरलेली वीस मिनिटं त्या बाजेचीच कृपा.

आता तोटे. पहिल्यांदा उघडलं की विमानाच्या कॉकपिटमध्ये बसल्यासारखं वाटतं. सायकलला पॉवर मीटर (पायडलवर लावलेली ताकद मोजणारं यंत्र) नसेल तर अर्धे आलेख रिकामेच दिसतील, घाबरू नका. हाताने नोंद करायची सोय आहे, पण जोर-बैठकांसाठी ते बनवलेलंच नाही हे खरं.

---

सह्यवेडा

अवांतर: सिंहगड पायवाटेने आतकरवाडीतून तिघं एकत्र चढलो, तीन घड्याळं. एकाचं म्हणालं ५९० मीटर चढ, दुसऱ्याचं ६४०, तिसऱ्याचं ७१५. गड तोच, पिठलं-भाकरीही तीच. कोणाचं खरं?

---

दोनशेकिमी

७१५ वाल्याने पिठलं दुप्पट खाल्लं असणार.

गंमत बाजूला ठेवली तर, नुसत्या जीपीएसवरून काढलेली उंची डचमळते. दर सेकंदाला दोन-तीन मीटर वर-खाली झालं की तेवढा खोटा चढ जमा होतो. काही घड्याळांत हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो, तो बरा. पण पावसात त्याच्या छिद्रात पाणी गेलं की तोही बरळतो. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये "उंची दुरुस्त करा" असं बटण आहे का ते बघावं. ते नकाशातली उंची घेतं.

---

गणकयंत्र

धागा उशिरा बघितला. जरा लांब लिहितोय, चहा घेऊन बसा.

लाल_माती, सॉफ्टवेअर निवडताना लोक आधी आलेख बघतात. मी दार बघतो. आत घालायचं दार सगळीकडे असतं, बाहेर काढायचं आहे का? म्हणजे तुमच्या सगळ्या नोंदी एका सीएसव्ही फाईलमध्ये (कुठल्याही शीटमध्ये उघडणारी साधी मजकुराची फाईल), कोणाची परवानगी न मागता बाहेर येतात का? येत नसतील तर ती वही तुमची नाही, तुम्ही तिथले भाडेकरू आहात.

उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. एंडोमोंडो केवढं लोकप्रिय होतं. डेन्मार्कमधलं ते ॲप २०१५ मध्ये अंडर आर्मरने विकत घेतलं आणि ३१ डिसेंबर २०२० ला ते बंद झालं. ज्यांनी मुदतीत डेटा उतरवून घेतला त्यांचा वाचला. कोणी लबाडी केली असं नाही, धंद्यात असं होतं. पण तुमच्या १४ वह्या माळ्यावर आहेत, त्या कोणी विकत घेऊन बंद करू शकत नाही, हा काकांचा मुद्दा मला मान्य आहे.

सायकलच्या फाईलींबद्दल थोडं. जीपीएक्स म्हणजे साधा मजकूर: ठिकाण, वेळ, उंची. टीसीएक्समध्ये त्याबरोबर लॅप आणि नाडीचे ठोके नीट बसतात. फिट म्हणजे (शरीराने नव्हे, नावाने फिट) यंत्राची आटोपशीर फाईल, मजकूर म्हणून वाचता येत नाही, पण तिच्यात सगळ्यात जास्त माहिती असते. मूळ फाईल मिळत असेल तर तीच ठेवा. जीपीएसबॅबल नावाचं फुकट अवजार एकातून दुसऱ्यात बदलून देतं.

आता जोर-बैठका. बाजारातली जिमची बहुतेक सॉफ्टवेअरं बार्बेल डोळ्यासमोर ठेवून केलेली आहेत. त्यांचं गणित: सेट गुणिले आवर्तनं गुणिले वजन. तुमच्या बैठकीला वजनाचा रकाना शून्य. १५० गुणिले शून्य. म्हणजे त्या सॉफ्टवेअरच्या लेखी तुम्ही सकाळी साडेपाचला उठून काहीच केलं नाही! स्वतःचं वजन टाकावं तर तेही चूक. साध्या पुश-अपमध्येसुद्धा अंगाचा साधारण दोन-तृतीयांश भार हातांवर येतो, पूर्ण नाही. आणि जोरात तर तो मागून पुढे सरकत राहतो.

म्हणून माझा सल्ला: साधी स्प्रेडशीट. लिब्रेऑफिस कॅल्क फुकट आहे, ४ जीबीवर आरामात चालेल. रकाने एवढेच: तारीख, प्रकार, सेट, आवर्तनं, वजन, मिनिटं, कष्ट, शेरा. एका ओळीत एकच व्यायाम. मंगळवारी जोर, बैठका, नमस्कार केलेत तर तीन ओळी. इथेच सगळे चुकतात. एका ओळीत पूर्ण दिवस कोंबतात आणि मग बेरीज होत नाही. ओळी सुट्या ठेवल्या की पिव्हट टेबल (शीटमधली आपोआप गट पाडून बेरीज करणारी सोय) महिन्यावार बैठका दोन मिनिटांत काढून देतं. मुलीच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे.

"कष्ट" म्हणजे १ ते १० मधला आकडा. व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासाने स्वतःला विचारायचं, आज किती दमलो? मग मिनिटं गुणिले कष्ट. ४५ मिनिटं, कष्ट ६, झाले २७०. कार्ल फॉस्टर यांनी ही पद्धत रूढ केली. हिचं सौंदर्य असं की तालीम, लोखंड आणि सायकल तिन्ही एकाच मापात येतात. मिनिटं आणि कष्ट मात्र दिवसाच्या एकाच ओळीत भरा, नाहीतर तिप्पट मोजले जातील. दोनशेकिमींचा ४२ आणि ७ वाला आलेखही याच आकड्यांवर काढता येतो, त्यांच्या गोल्डनचीतालाही हा आकडा कळतो.

दोन खड्डे, मी पडलोय म्हणून सांगतो. "3-12" असं लिहिलंत (तीन सेट, बारा आवर्तनं) की शीट त्याची ३ डिसेंबर करून टाकते. मी दोन महिने असं लिहिलं आणि नंतर बघतो तर माझा सगळा व्यायाम डिसेंबरात झालेला. दुसरं, आकडे इंग्रजी कळफलकाने टाका. माझ्या शीटने देवनागरी आकडे मजकूर समजले आणि बेरीज आली शून्य. शेरा मात्र खुशाल मराठीत लिहा.

---

मृगनक्षत्र

वाखु (वाचनखूण) साठवली. गणकयंत्र, "भाडेकरू" पटलं.

एक भर घालते. मी पहाटे एकटी धावते. माझ्या एका मैत्रिणीने तिच्या धावण्याचा नकाशा वर्षभर सगळ्यांना दिसेल असा ठेवला होता. रोज सुरुवात आणि शेवट एकाच फाटकापाशी, वेळ रोज ५:४०. हे तिला कोणीतरी दाखवून दिलं तेव्हा ती हादरली. जानेवारी २०१८ मध्ये स्ट्रावाच्या जागतिक नकाशावरून लष्करी तळांवरच्या सैनिकांच्या धावण्याच्या वाटा दिसल्याची बातमी आठवत असेल. सैनिकांचं असं होतं, आपण कोण. कुठलंही ऑनलाइन घ्या, पहिल्या दिवशी सेटिंगमध्ये जाऊन घराभोवतीचा भाग लपवा आणि "फक्त मला दिसेल" करा. बायकांनी तर नक्कीच.

---

नाडीपरीक्षा

पेशाने डॉक्टर आहे, पण इथे औषधोपचार करत नाही. एकच गोष्ट, कारण लाल_माती यांनी रक्तदाबाच्या गोळीचा उल्लेख केला आहे.

गोळी कुठल्या जातीची आहे ते बघा. बीटा ब्लॉकर असेल तर नाडी मुळातच कमी धावते आणि व्यायामातही वर चढत नाही. अशा माणसाने नाडीवर चालणारं सॉफ्टवेअर घेतलं तर ते त्याचे सगळे आकडे चुकीचे लावतं. २२० वजा वय हे सूत्र तुमच्यासाठी १७४ देईल. २०८ वजा वयाच्या ०.७ पट हे दुसरं सूत्र जवळपास १७६ देतं. गोळीवरच्या माणसाला दोन्ही लागू नाहीत. सॉफ्टवेअर म्हणेल "हलका व्यायाम", आणि प्रत्यक्षात तुम्ही धापा टाकत असाल. असे रुग्ण बघितलेत, यंत्र म्हणतंय म्हणून आणखी रेटणारे.

म्हणून गणकयंत्र यांचा "कष्ट" रकाना तुमच्यासाठी जास्त भरवशाचा. शिवाय जुनी साधी कसोटी: बोलता येतंय पण गाता येत नाही, तो मध्यम व्यायाम. जोर काढताना श्वास रोखून धरू नका, आणि छातीत काही वेगळं वाटलं तर रकाना भरत बसू नका, थेट दवाखान्यात जा.

---

लाल_माती

डॉक्टर, नाव वाचलं पाकिटावर. आहे त्याच जातीची. आणि मागच्या वर्षी भाच्याने त्याचं घड्याळ आठवडाभर घालायला दिलं होतं तेव्हा १५० बैठकांनंतरही ते "विश्रांती" दाखवत होतं. मला वाटलं आपली तब्येत पैलवानाची आहे!

---

नाडीपरीक्षा

:)

---

बर्फातला_मावळा

टोरांटोहून. नोव्हेंबर ते मार्च तळघरात ट्रेनरवर (जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) सायकल, त्यामुळे माझ्या बाजूने.

डब्ल्यूजीईआर नावाचं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे (उच्चार कसा करायचा हे विचारू नका). स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं, व्यायामाचे प्रकार स्वतः घालता येतात. म्हणजे "जोर" नावाचा प्रकार तयार करा, "हनुमान जोर" वेगळा करा. वजन, आहार, सगळं. डॉकरमध्ये टाकलं की झालं.

---

खवचट_काका

डॉकर म्हणजे बंदरावरचा हमाल का?

---

गणकयंत्र

मावळा, सॉफ्टवेअर चांगलंच आहे, पण प्रश्नकर्त्याला वस्ताद परवडतील, डॉकर नाही. सर्व्हर सांभाळणं हा वेगळा व्यायाम आहे आणि त्याने वजन कमी होत नाही.

---

बर्फातला_मावळा

मान्य. तीन शनिवार गेले माझे. त्या तीन शनिवारी व्यायाम शून्य.

---

पहाटफेरी

मी ६३ वर्षांची, मला यातलं निम्मं कळलं नाही पण वाचायला मजा आली. आमच्या हास्यक्लबमध्ये सगळ्या बायका दहा हजार पावलांच्या मागे असतात. संध्याकाळी आठ हजार झाली की दिवाणखान्यात फेऱ्या सुरू. सूनबाई म्हणते दिवाणखान्याची फरशी झिजेल. हा दहा हजारचा आकडा आला कुठून हो?

---

नाडीपरीक्षा

पहाटफेरी ताई, जपानमधून. १९६५ च्या सुमाराला तिथे कमरेला लावायचं पाऊलमापक निघालं, नाव "मानपो-केई", म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. ते विकायचं नाव होतं, वैद्यकशास्त्राने घालून दिलेली रेघ नव्हे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना पावलं सांगतच नाही. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद लावणारा व्यायाम, एवढंच सांगते. पासष्टीपासून पुढे तोल सांभाळण्याचे व्यायामही. आठ हजारांवर थांबलात तर काही बिघडत नाही, सूनबाईंना सांगा.

---

पहाटफेरी

म्हणजे मिनिटं लिहायची, पावलं नव्हे. ते तर मी कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारीही लिहू शकते!

---

मुदगल_मुंबई

जिमवाल्यांसाठी: ज्यांना दोन सेटच्या मध्ये मोबाईलवर टिपायचंय त्यांनी फिटनोट्स बघा, अँड्रॉइडवर. खातं नाही, इंटरनेट नाही, सीएसव्ही बाहेर येते. घरी येऊन तीच फाईल शीटमध्ये ओतायची. हेवी आणि स्ट्राँग या ॲप्समधूनही सीएसव्ही निघते. दिसायला ती दोन देखणी आहेत.

लाल_माती, लोखंडासाठी एक सूत्र शीटमध्ये टाकून ठेवा: वजन गुणिले (१ अधिक आवर्तनं भागिले ३०). ६० किलो पाच वेळा उचललेत तर ७० येतं, म्हणजे एकदाच उचलायचं तर अंदाजे ७०. रोज जीव काढून मोजायची गरज नाही, आकडा वर सरकतोय की खाली तेवढं कळतं. दहा-बाराच्या वर आवर्तनं गेली की हे सूत्र फसतं.

---

खवचट_काका

आणि आहार? पोह्यांच्या एका वाटीत उष्मांक किती? वाटी कोणाच्या घरची, शेंगदाणे मोजून की मुठीने, वर शेव आहे की नाही? एका सॉफ्टवेअरने मला "पोहे" शोधल्यावर मक्याचे पोहे दाखवले. सोडलं.

---

मृगनक्षत्र

+१. आहाराच्या नोंदींसाठी वेगळा धागा काढा कोणीतरी, इथे मिसळ होईल.

---

दोनशेकिमी

कोल्हापूरकराच्या धाग्यावर मिसळीला नाही म्हणताय?

---

लाल_माती

*(साडेतीन महिन्यांनी)*

मंडळी, धागा वर काढतोय. काय झालं ते सांगायचं राहिलं होतं.

लिब्रेऑफिसच घेतलं. गणकयंत्र यांचे आठ रकाने तसेच ठेवले, फक्त "झोप" हा नववा घातला, कारण वहीत तो शब्द जागोजागी होता. तालमीतून आल्यावर आंघोळीआधी भरतो. सुरुवातीला पाच मिनिटं लागायची, आता चाळीस सेकंद. प्रकाराच्या रकान्यात मुलीने यादी लावून दिली आहे, "जो" टाकलं की "जोर" येतं. त्याआधी मी पंधरा दिवसांत "बैठका", "बैठक", "बै" आणि एकदा "बैठाक" लिहिलं होतं आणि पिव्हटने त्याचे चार वेगवेगळे व्यायाम केले होते.

३ डिसेंबरच्या खड्ड्यात सांगूनही पडलोच.

सायकलसाठी गोल्डनचीता बसवलं. जुन्या विंडोजवर चाललं, हळू उघडतं, पण चालतं. रविवारी फोन खिशात ठेवून जीपीएक्स घेतो तेवढंच. दोनशेकिमी, तुमचं ते कॉकपिट मी अजून वापरत नाही, फक्त पन्हाळ्याचा चढ बघतो. शेवटच्या टप्प्यात मी दर वेळी एकाच ठिकाणी मंदावतो, उसाच्या रसाच्या गाड्याच्या अलीकडे. ती चढाची अडचण आहे की रसाची, हे सॉफ्टवेअर सांगत नाही.

आता मुख्य गोष्ट. १४ वह्या टंकायला घेतल्या आणि तिसऱ्या दिवशी सोडल्या. मग मुलीने डोकं लावलं: सगळं नको, दर वर्षीचा फक्त फेब्रुवारी टंका. हवा सारखी, सणवार कमी, तालीम सलग. अकरा फेब्रुवारी झाले चार रविवारांत. उत्तर: बैठका रोजच्या सरासरी २१० वरून १४५ वर आल्या. जोर ९० वरून ६० वर. म्हणजे कमी झाल्या. तिला सांगितलं. ती म्हणाली, "पण सुट्टीचे दिवस बघा." ते मी मोजलेच नव्हते. पहिल्या फेब्रुवारीत ११ खाडे, या फेब्रुवारीत २. महिन्याची बेरीज काढली तर बैठका जवळपास तेवढ्याच, थोड्या जास्तच.

दुसरं खांद्याचं. शेऱ्यात "खांदा" शब्द शोधला. २९ वेळा. त्यातल्या २१ वेळा आदल्या आठवड्यात जोर एकदम वाढवलेले होते, बहुतेक सणाच्या खाड्यांनंतर भरपाई म्हणून. हे वहीत डोळ्यांसमोर होतं, दिसत नव्हतं. आता खाड्यानंतर पहिला आठवडा अर्धेच काढतो. डॉक्टरांनाही दाखवली शीट, त्यांनी ती छापून मागितली.

वही बंद केलेली नाही, काका. शेरा आधी तिथेच लिहितो.

---

खवचट_काका

हे वाचून बरं वाटलं. मेहुण्याला धागा पाठवला आहे. तो फ्रीजजवळ उभा राहून वाचेल.

---

गणकयंत्र

महिन्याची बेरीज सुचवणाऱ्या मुलीला माझ्याकडून शाबासकी. फाईलची दुसरी प्रत कुठे ठेवलीत? माझी हार्ड डिस्क एकदा उडाली आहे, चार वर्षांच्या नोंदींसकट. दर रविवारी पेनड्राइव्हवर एक आणि स्वतःलाच ईमेलने एक.

---

लाल_माती

पेनड्राइव्ह वह्यांच्याच ट्रंकेत ठेवलाय.

एक नवीन भानगड. तालमीत बातमी पसरली. वस्ताद म्हणाले, माझाही हिशेब ठेव. वय ७१, रोज ५० जोर, अर्धा तास. त्यांची शीट सुरू केली. कष्टाचा आकडा विचारला की रोज म्हणतात, "शून्य. याला कष्ट म्हणतात होय रे?" मिनिटं गुणिले शून्य, आठवड्याची बेरीज शून्य. काय करू?

---

गणकयंत्र

रकाना १ पासून सुरू होतो म्हणून सांगा. पण तुम्ही सांगा, मी नाही.